वारेकाकांच्या देवदर्शनाच्या सहली

वारेकाका कुठंही गेले की आधी खाली वाकत. चिमूटभर माती उचलायची, हात उंच करून सोडायची आणि ती कुठल्या बाजूला जाते ते डोळे बारीक करून बघायचं. लग्नाच्या मांडवाबाहेर, चिंचवड स्टेशनच्या फलाटावर, कुठंही. एकदा माझे सासरे गावाहून आले होते, त्यांना भेटायला काका आले आणि दारातल्या कुंडीतली माती उचलून त्यांनी हवेत सोडली. सासरे दचकले. त्यांना वाटलं, हा माणूस काहीतरी उतारा टाकतोय. "वारा पश्चिमेचा आहे," असं समाधानानं जाहीर करून काका आत आले आणि चहा प्यायले. त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण आमच्या सोसायटीत ते कुणी वापरत नसे.

मी लग्न होऊन चिंचवडला आले ती सत्तर सालाच्या आगेमागे. शेजारच्या ब्लॉकमध्ये काका-काकू. काका पिंपरीच्या एका कंपनीत परचेस खात्यात होते आणि माझे यजमानही त्याच कंपनीत. आठवडाभर नटबोल्टचे भाव पाडून घेणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी पहाटेची लोकल पकडून हडपसरला जाई. तिथं बिनइंजिनाची विमानं उडत. मैदानाच्या एका टोकाला यंत्र असतं, ते लांबलचक तारेनं विमान ओढतं आणि विमान पतंगासारखं वर चढतं. मग तार सोडायची आणि पुढची सगळी भिस्त हवेवर. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा सापडली, तर घारीसारखं गोल गोल फिरत वर जायचं. नाही सापडली, तर गुमान खाली यायचं. "इंजिन असलं की माणूस वाऱ्याशी उद्धट वागतो," काका म्हणत. "आम्हाला बाबापुता करावं लागतं."

कंपनीकडून सहलीचा भत्ता मिळे, आणि आम्ही चौघं बरोबर जायचो. कुठल्या देवाला जायचं ते काकू ठरवत. काका लगेच हो म्हणत, इतक्या लगेच की मला संशय यायला हवा होता. त्र्यंबकेश्वरला निघालो, तर वाटेत देवळालीला विमानांचं मैदान निघालं. काशीला निघालो, तर कानपूरला दोन दिवस मुक्काम. "आम्ही देवाला निघतो, हे विमानाला निघतात," काकू म्हणत. "तिकीट मात्र एकच."

नव्या मैदानावर पाहुण्याला एकदम एकटं उडू देत नाहीत. तुम्ही कितीही वर्षं उडत असा, आधी तिथल्या शिक्षकाला मागं बसवून परीक्षा द्यायची, अशी त्यांची रीत. देवळालीचा शिक्षक म्हणजे जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा होता. तो पन्नाशीच्या काकांना सगळ्यांसमोर झापत होता आणि काका "हो सर, चुकलं सर" करत होते. मला राग आला. काका मात्र खुशीत. "अगं, ह्या वयात पुन्हा पहिलीत बसायला मिळतं," ते म्हणाले, "ते फुकट सोडू का मी?" काकांचा हा स्वभाव मला फार आवडायचा. नव्या जागी जाऊन शहाणपणा शिकवणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. नव्या जागी जाऊन बोलणी खायला इतका उत्सुक माणूस दुसरा पाहिला नाही.

काकू मात्र मैदानाकडे पाठ करून झाडाखाली बसत आणि जपमाळ ओढत. काका वर गेले की त्या कधीही मान वर करत नसत. काकूंनी एकदा तरी वर यावं, निदान वर बघावं, एवढंच काकांचं मागणं असे. "मला वेड लागलेलं नाही," हे काकूंचं ठरलेलं उत्तर.

त्या मागण्यापायीच कुरुळीचा प्रकार घडला. एप्रिलचा महिना होता. काका हडपसरहून निघाले, लष्करी विमानतळाचा भाग टाळून लांबून वळसा घातला आणि थेट आमच्या सोसायटीवर आले. गच्चीवर काकू आणि मी कुरडया घालत होतो. काकूंनी वर बघावं म्हणून हा गृहस्थ तिथं गोल गोल घिरट्या घालत बसला. तिथं हवा चढत नव्हती, विमान खाली येत होतं, हे समजत असूनही. आम्ही दोघींनी काही वर बघितलं नाही. शेवटी उंची पुरेना, तेव्हा वाऱ्याच्या अंगानं इंद्रायणी ओलांडून काका कुरुळीला एका काढणी झालेल्या शेतात उतरले.

सोसायटीत निरोप आला तो "काकांचं विमान पडलं" असाच. काकू, मी आणि माझे यजमान मिळेल त्या टेम्पोनं कुरुळीला पोचलो. काकू वाटभर जपमाळ ओढत होत्या. शेतात बघतो तो विमान धडधाकट, त्याच्या नाकाला हळदकुंकू, पुढ्यात फोडलेला नारळ, आणि पंखाच्या सावलीत बसून काका पिठलं-भाकरी खाताहेत. एक म्हातारेबुवा त्यांची उलटतपासणी घेत होते.

"मोटर बंद पडली व्हय?"

"मोटर नाहीच त्याला."

"मग आलात कशानं?"

"वाऱ्यानं."

"आन् आता जानार कशानं?"

"आमचा ट्रक येईल. पंख काढून त्यात घालून न्यायचं."

"म्हंजी येताना वारा आन् जाताना ट्रक!" म्हातारेबुवा सगळ्यांना ओरडून सांगू लागले. सगळं शेत हसलं. काकांनी काकूंना बघितलं आणि भाकरी खाली ठेवली. "तू वर बघितलंच नाहीस," ते म्हणाले.

काकूंना रडू फुटलं. "आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "माझ्या गळ्याची शपथ आहे."

काकांनी शपथ पाळली. पण त्यांची पार रया गेली. सुट्टीच्या दिवशी बनियनवर गॅलरीत बसून राहत, आणि घारी फिरायला लागल्या की उठून आत जात. कामावरही भाव करायचे सोडून दिले, सप्लायर मागेल त्याला हो म्हणू लागले, असं यजमान सांगत. काकूंना हे दिसत नव्हतं थोडंच! त्यांचीही जेवणावरची वासना उडाली होती.

ऐंशीच्या सुमाराला काका निवृत्त झाले आणि दोघं लेकीकडे राहायला गेली. आता काका नाहीत. पण त्यांची आठवण आली की मला आठवते ती निवृत्तीआधीची आमची शेवटची सहल. द्वारकेला निघालो होतो, अहमदाबादला गाडी बदलायची होती, आणि काकूच म्हणाल्या, "इथं मैदान आहे ना तुमचं? चला. एकदा मला बघू दे, मग शपथेचं काय ते ठरवते."

काका पाहुणे, त्यांना कुणाला बरोबर न्यायची परवानगी नव्हती. त्यामुळे काकू तिथल्या शिक्षकाबरोबर बसल्या. पदर खोचला, चपला काकांच्या हातात दिल्या, डोळे मिटून घेतले, आणि विमान वर गेलं. मग मी जे बघितलं ते कधी विसरणार नाही. इतकी वर्षं उडणारा हा माणूस चपला छातीशी धरून मैदानभर येरझारा घालत होता. "फार उंच गेले का हो? कधी येणार? वळताना इतकं कलवायचं असतं का?" तिथली माणसं हसायला लागली, तरी काकांना शुद्ध नव्हती. विमान टेकलं, तेव्हा ते घामानं निथळत होते.

काकू उतरल्या. केस विस्कटलेले, चेहरा लहान मुलीसारखा फुललेला. काकांसमोर येऊन चक्क भांडायच्या सुरात म्हणाल्या, "एवढं सगळं इतकी वर्षं एकटेच बघत होतात होय?"

काकांना डोळे पुसायचे होते, तर दोन्ही हातांत चपला.

"आता तुम्ही जा," काकू म्हणाल्या. "मी बघते इथून."

"आज नको गं. तुझ्या काळजीनंच दमलो मी. आणि सकाळी गाडी आहे द्वारकेची."

काकूंनी त्यांच्या हातातल्या चपला घेतल्या, पायांत घातल्या आणि माझ्या यजमानांकडे वळल्या. "तिकिटं परवाची करून आणा हो. द्वारका कुठं पळून जात नाही."