मर्टलनं घासलेली ताटं

हे मी ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही. पन्नास वर्षांचा संसार, त्यात एकमेकांपासून लपवायला उरतं तरी काय? पण हे उरलं. ते गेले, आणि हे माझ्यापाशीच राहिलं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माझ्या मुली कौतुकानं सांगतात — आमच्या आईची जिवलग मैत्रीण जमैकाची होती, त्या काळात. लोक माझ्याकडे आदरानं बघतात. मी बघू देते.

तर मर्टल. ब्रिस्टलला हे डॉक्टर होते त्याच हॉस्पिटलात, बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. आम्ही नवीन आलो तेव्हा जागा मिळेना. फोनवर 'या' म्हणायचे, आणि दारात आमची तोंडं दिसली की खोली नुकतीच गेलेली असायची. मर्टलनं तिच्या ओळखीच्या एका म्हातारीला गळ घातली, तेव्हा कुठे डोक्यावर छप्पर आलं. थोरली झाली तेव्हा माहेरचं कोण येणार इतक्या लांब? मर्टल ड्यूटी संपवून यायची, पोरीला तेल लावून न्हाऊ घालायची, माझी वेणीसुद्धा घालायची. "सुमन, खा मुकाट्यानं, नाहीतर डॉक्टरांकडे तक्रार करीन," असा दम द्यायची. टीव्हीवर अमेरिकेतल्या बातम्या लागायच्या — काळ्या माणसांच्या मोर्च्यावर पोलीस कुत्री सोडतायत — आम्ही दोघी एका सोफ्यावर बसून बघायचो. कसली ही माणसं, असं मी म्हणायचे. चांगलं मोठ्यानं म्हणायचे.

पुढे आम्ही तिथेच लहानसं घर घेतलं. सत्तर सालच्या आसपास माझे धाकटे दीर अमेरिकेहून पुण्याला जाताना चार दिवस आमच्याकडे उतरले. डेट्रॉइटला इंजिनियर. सासूबाईंच्या प्रत्येक पत्रात त्यांचं उदाहरण असायचं. रविवार होता, हे ड्यूटीवर. भाऊजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जेवताना सांगत होते — त्यांच्या रस्त्यावर एका काळ्या कुटुंबानं घर घेतलं, तर वर्षभरात निम्मे लोक घरं विकून गेले. आपणही विकायला काढलंय म्हणाले. "वहिनी, तुम्हाला नाही कळायचं ते. आपण कुणाबरोबर उठतो-बसतो, ते गोरे बघत असतात." ह्याच माणसाला पहिल्या वर्षी तिथे कुणी खोली देत नव्हतं. त्यांनीच लिहिलं होतं तसं. मी आठवण करून दिली का? नाही. मी पोळी वाढली.

आणि तेवढ्यात मागच्या दारानं मर्टल आत आली. पोरीला पार्कात न्यायला. नेहमीसारखी, न विचारता, दाराशी बूट काढून. भाऊजींनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. भुवई जराशी वर — बस, तेवढंच. मला कुणी धमकावलं नव्हतं, माझं कुणी काही हिसकावून घेणार नव्हतं, हे आधीच सांगते.

मी मराठीत म्हटलं — हसत म्हटलं, म्हणजे तिला वाटावं ओळख करून देतेय — "आमच्याकडे कामाला येते."

ते वाक्य मला शोधावं लागलं नाही. जिभेवर तयारच होतं.

भाऊजींचा चेहरा सैल झाला. जेवण झाल्यावर उठले, आणि आपलं उष्टं ताट, तिच्याकडे न बघताच, मर्टलच्या हातात दिलं. पुण्याला सासूबाईंकडे भांड्यांच्या बाईपुढे सरकवायचे तसं. मर्टल ताट धरून उभी राहिली. माझ्याकडे बघत राहिली. अहो भाऊजी, ही माझी मैत्रीण — एवढं म्हणायला श्वास तरी किती लागतो? मी लोणच्याची बरणी उचलून कपाटात ठेवायला गेले.

मागे नळ सुटल्याचा आवाज आला. तिनं बाह्या वर केल्या होत्या. त्यांचं ताट घासलं. मग माझं. मग पोरीची वाटी. भाऊजी बाहेरच्या खोलीत पेपर वाचायला गेले, तेव्हा पाठमोरी राहूनच तिनं विचारलं, "काय सांगितलंस त्याला, मी कोण म्हणून?"

"मैत्रीण," मी म्हटलं.

"असं होय," ती म्हणाली, आणि फडकं घेऊन ताटं पुसायला लागली.

भाऊजींपुढे बोलले ते एका भुवईला भिऊन, असं एकवेळ म्हणता येईल. पण हे? तेव्हा तर स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो ना?

मर्टल त्यानंतरही येत राहिली. पोरीवर जीव होता तिचा. पण माझ्याकडे ती पुन्हा कधी जेवायला बसली नाही. "खाऊन आलेय," म्हणायची. आणि निघताना सिंकमध्ये जे काही पडलेलं असेल, ते घासून ठेवायची. मी नको नको म्हणायचे. ती घासतच राहायची. अशी चार वर्षं.

मग ह्यांना वॉटफर्डला नोकरी लागली. निघायच्या दिवशी सगळं सामान बांधून झालं होतं, दोनच कप बाहेर ठेवलेले. चहा झाल्यावर तिनं ते विसळले. मी शेजारी उभी राहून पुसत होते. हे मुलींना घेऊन बाहेर गेलेले, यायला तासभर होता. मी तिला वॉटफर्डच्या घराची बाग किती मोठी आहे ते सांगत होते.