बॉक्समध्ये उलटा भरलेला समुद्र

मी एकदा समुद्र उलटा केला. तळ वर, माथा खाली. तोही अहेरीकडच्या जंगलात, जिथल्या निम्म्या लोकांनी समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. हातात लाल रंगाचा डबा होता, ब्रश होता, आणि काम चालू असताना मी चक्क गाणं गुणगुणत होते.

नातवंडांना हे एवढंच सांगते. ती खो खो हसतात. पुढचं त्यांना सांगत नाही. इथे सांगते.

मी जिऑलॉजिस्ट. चंद्रपूरला आमचं ऑफिस होतं आणि चुनखडकाचा सर्व्हे चालू होता. तेव्हाची मी डोळ्यासमोर आणली की अजून लाज वाटते. डोक्यावर हॅट, डोळ्यांवर गॉगल, कमरेला हातोडी, पोलिसाच्या दांडक्यासारखी लटकलेली. नागपूरला एमएस्सीत मिळालेलं गोल्ड मेडल घरी कपाटात होतं, पण चालायची अशी की ते गळ्यातच आहे.

आमच्या ड्रिलिंगच्या जागेला लागूनच आदिवासी मुलींची निवासी शाळा होती. विहीर माघातच तळ दाखवायची. मग मुली हंडे घेऊन नाल्याच्या वाळूत पाण्यासाठी खड्डे, म्हणजे झिरे, उकरायच्या. त्या वर्षी वरून तंबी आली होती: पाण्याची सोय झाली नाही तर होळीच्या सुमारास वसतिगृह बंद करून मुलींना घरी पाठवा. एका बोअरची मंजुरी तेवढी मिळाली होती. एकच.

वनमालाबाई तिथल्या अधीक्षिका. ब्रह्मपुरीकडच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला धरलं.

"म्याडम, तुमी एवढे खोल खोल भोकं पाडून राह्यल्या. आमचा बोअर कुठी घ्याचा, किती खोल घ्याचा, थेवढं सांगून द्या न."

"सांगते की. त्यात काय!"

"बंद पडलं तं लहान्या पोरी येतील वापस. मोठ्या नाई येत, बाई. घरी गेल्या का हळद लागते त्यायले."

मोठ्यांमध्ये एक सम्मी होती. माडिया मुलगी, नववीतली. आमच्या मशीनशी येऊन उभी राहायची. मी एकदा ऐटीत सांगितलं की इथे पूर्वी समुद्र होता. ती म्हणाली, "मंग मासे कुठी गेले?"

प्रश्न बरोबर होता. आमच्या भागातला हा चुनखडक इतका जुना आहे की तेव्हा मासे जन्मालाच आले नव्हते. शिंपलेसुद्धा नाहीत. रिकामा समुद्र. हे तिला सांगितलं तर ती हळहळली. "एवढं पाणी, अन् कोनीच नाई?"

आता थोडं शास्त्र. थोडंच.

किनाऱ्यावर वाळू साचते. जरा आत चिखल. आणखी आत, स्वच्छ पाण्यात, चुना. समुद्र जमिनीवर चढत आला तर एकाच जागी आधी वाळू, तिच्यावर चिखल आणि त्याच्यावर चुना बसतो. समुद्र मागे हटला तर याच्या उलट. पुढे या सगळ्याचा दगड होतो: वालुकाश्म, शेल आणि चुनखडक. त्यांचा क्रम वाचला की कळतं, पाणी चढत होतं की उतरत होतं.

क्रम वाचायला कोअर लागतो. मशीनच्या टोकाच्या पोकळ बिटने कापून जमिनीतून काढलेला खडकाचा दांडा म्हणजे कोअर. उसासारखा लांब, आणि उसासारखाच तुकड्या-तुकड्यांत हाती येणारा. तुकडे क्रमाने लाकडी बॉक्समध्ये भरायचे आणि प्रत्येकावर रंगाने बाण काढायचा. बाणाचं टोक खालच्या बाजूला.

शाळेशेजारच्या आमच्या होलचं, म्हणजे कोअर काढायच्या भोकाचं, काम संपलं आणि दिवाळीनंतरची मंडई आली. आमचा ड्रिलिंग क्रू वडशाकडचा, झाडीपट्टीतला. मंडई म्हणजे गावची जत्रा आणि रात्रभर नाटक. झाडीपट्टीतल्या माणसाला त्या दिवशी कामावर ठेवणं म्हणजे नवरदेवाला बोहल्यावरून उठवणं. बॉक्स आले नव्हते, म्हणून त्यांनी कोअर जमिनीवर कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांवर ओळीने मांडला, तुकड्यांवर खडूने खोली लिहिली आणि ताडपत्री टाकून गेले. मला म्हणाले, "म्याडम, आमी येऊस्तोवर हात नोका लावू."

मधेच अवकाळी पाऊस आला. ताडपत्री उडाली, खडू धुऊन गेला. मी जीपने पोचले तेव्हा बॉक्सही येऊन पडले होते. क्रू उद्या येणार होता.

एक दिवस थांबायचं होतं. पण थांबेल ती गोल्ड मेडलिस्ट कसली! मी ठरवलं, ओळ मशीनपासून सुरू होते. खरं तर क्रूने ती मोहाच्या झाडापासून सुरू केली होती, सावलीत बसून मांडता यावी म्हणून. म्हणजे मी शेवटाकडून भरत गेले, सगळ्यात खालचा तुकडा सगळ्यात आधी. ठसठशीत लाल बाण काढले. झाकणं ठोकली. क्रू परतला तेव्हा बॉक्स चंद्रपूरच्या ट्रकवर चढले होते.

त्या जागी खडक कुठे उघडा नव्हता. वर नुसती जाड माती. त्यामुळे मला अडवणारं कुणी नव्हतं. माझ्या बॉक्सप्रमाणे मातीखाली आधी घट्ट वालुकाश्म, मग शेल, आणि तळाशी चुनखडक. म्हणजे समुद्र मागे हटला होता. रिपोर्टमध्ये मी या माघारीवर एक सुंदर परिच्छेदही लिहिला.

आणि वनमालाबाईंना सल्ला दिला. चुनखडकात पाणी भेगा विरघळवत जातं, पोकळ्या करतं, म्हणून तिथे पाणी हमखास. तो खाली आहे. तेव्हा वरच्या भागात केसिंग टाका. केसिंग म्हणजे बोअरची भिंत ढासळू नये म्हणून घातलेला लोखंडी पाइप. वरचा भाग बंद करा आणि खोल जा.

बोअरच्या दिवशी मी चंद्रपुरात होते. त्या भागात तेव्हा मोबाइल लागायचा नाही. दुपारी आलापल्लीच्या एसटीडी बूथवरून बोअरवाल्याचा फोन आला.

"म्याडम, पानी तं वरतीच लागून राह्यलं."

"किती?"

"बरं हाय. पांढरं, गढूळ येऊन राह्यलं."

"ते झिरपणीचं असेल. होळीपर्यंत आटेल. केसिंग टाका."

"बंद होऊन जाईल न मंग हे?"

"होऊ दे. खाली चुनखडक आहे."

"बगा बा. तुमच्या शब्दावर टाकतो."

पांढरं म्हणाला तो. पांढरं! मातीखाली वालुकाश्म असेल तर पांढरं पाणी कुठून येईल, एवढा प्रश्न मला पडला नाही. माझ्या बॉक्समध्ये चुनखडक खाली होता, म्हणजे जमिनीतही त्याने खालीच राहायला हवं होतं.

पाइप उतरवला. बाजूने सिमेंट भरलं. खाली शेल लागला, मग वालुकाश्म, मग आणखी वालुकाश्म. कोरडा ठणठणीत. मंजूर खोली संपली आणि बोअरची गाडी सिरोंच्याकडे पुढच्या कामाला निघून गेली.

"खालचा चुनखडक अजून खोल असेल," असं मी बाईंना कळवलं. आठवलं की अजून जीभ चावते.

पंधरवड्याने साहेबांनी मला बोलावलं. साहेब अकोल्याचे, तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. टेबलावर आजूबाजूच्या सगळ्या होलचे नकाशे पसरले होते.

"काय हो बाई, बाकी सगळ्या होलमधी समुद्र पुढे येते. तुमच्याच होलमधी काऊन मागे गेला? लाजला काय?"

"सर, लोकल असेल."

"समुद्र लोकल असते काय? थो का ग्रामपंचायत हाय?"

ऑफिस हसलं. मी नाही हसले. आम्ही कोअर शेडमध्ये गेलो, बॉक्स उघडले. मी एकेक तुकडा भिंगाखाली धरत गेले. शेलच्या एका तुकड्यात मला भेगा दिसल्या आणि मी तो तुकडा उलटा करून पाहिला.

उन्हाळ्यात तळं आटलं की चिखल तडकतो; उथळ समुद्राचा चिखलही मधून मधून उघडा पडला की तसाच तडकतो. भेग वर रुंद असते, खाली निमुळती. पुढे तिच्यात वाळू भरते आणि दगड झाला तरी ती पाचर तशीच राहते. खडकाची वरची बाजू ओळखायची ही जुनी खूण. माझ्या बाणांप्रमाणे त्या भेगा खाली रुंद होत्या आणि वर निमुळत्या. चिखल खालून तडकला होता. म्हणजे सूर्य जमिनीखाली होता.

समुद्राच्या चढ-उताराच्या खुणाही अशाच असतात. कोकणात कुठे भरतीच्या रेषेखाली झाडांची मेलेली खोडं रुतलेली सापडतात, म्हणजे पूर्वी तिथे जमीन कोरडी होती आणि पाणी नंतर चढलं. कुठे शिंपल्यांचा दगड झालेला थर आजच्या भरतीच्या वर दिसतो, म्हणजे तिथे पाणी उतरलं, नाहीतर जमीन उचलली गेली. आज समुद्र चढतोय हे मोजायला यंत्रं आहेत. जुन्यासाठी फक्त खुणा. आणि खूण वाचायच्या आधी एकच गोष्ट पक्की लागते: वर कुठे, खाली कुठे.

"चला," साहेब म्हणाले, "झाला समुद्र सुलटा. रिपोर्ट दुरुस्त करा. बाण मिटवा. चुका होतात."

"सर, त्या शाळेला मी बोअर सांगितला होता. याच क्रमावर."

त्यांचं चघळणं थांबलं. "केसिंग कुठवर टाकलं?"

"चुनखडकाच्या खालपर्यंत. म्हणजे, आता कळतंय तसं."

ते बाहेर जाऊन थुंकून आले. पाणी ज्या थरात होतं, नेमका तोच थर मी लोखंड आणि सिमेंटने बंद करून दिला होता.

साहेब भला माणूस. स्वतः जीपमधून आले. पाइप उपसायचा प्रयत्न झाला, तो तुटला. दुसऱ्या बोअरसाठी त्यांनी ऑफिसं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर: एक झाला ना, आता नव्या वर्षात.

होळीच्या आधी ट्रॅक्टर आला. मुलींनी पत्र्याच्या पेट्या ट्रॉलीत चढवल्या. मी गेले होते. जायला नको होतं. लहान मुली ट्रॅक्टरमध्ये बसायला मिळालं म्हणून खूश होत्या. सम्मी पेटीवर बसली होती, माझ्याकडे बघून हात हलवत. मी वनमालाबाईंना सगळं सांगितलं. बाणांचं, केसिंगचं, सगळं. त्या ट्रॉलीकडे बघत ऐकत होत्या.

"मले नोका सांगू, बाई," त्या म्हणाल्या. "मले समजत नाई थे. मले फक्त गिनती समजते. जून महिन्यात करीन मी गिनती."

पावसाळ्यात नवी मंजुरी आली. जुन्या बोअरच्या शेजारीच नवा घेतला. या वेळी मी उभी होते, हॅटशिवाय. मातीखाली पांढरा भुगा आला आणि लगेच पाणी. धो धो. त्या बोअरला अजून पाणी आहे असं ऐकते.

लहान मुली परत आल्या. मोठ्यांपैकी बऱ्याच आल्या नाहीत. वनमालाबाईंनी गिनती केली असणार. मला आकडा सांगितला नाही, मी विचारला नाही.

पुढे नव्या पोरापोरींना ट्रेनिंग देताना मी एवढंच सांगायची: बाण रंगवायच्या आधी खडकाला विचारा, त्याचं डोकं कुठल्या बाजूला आहे. आणि क्रू नाटकाला गेला असेल तर नाटक संपू द्या. पोरं हसायची.

त्या नव्या बोअरनंतर वर्षभराने आलापल्लीच्या बसस्टँडवर सम्मी भेटली. तिनेच हाक मारली. कडेवर बाळ होतं, शेजारी तिची सासू मोहफुलांचं गाठोडं घेऊन बसली होती. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली. माफी वगैरे. तिने मधेच, अगदी खुशीत, विचारलं:

"म्याडम, आमच्या शाळेत पानी लागलं म्हने न? गोड हाय का?"