पहिल्या नंबरच्या चपला

दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, हे आमच्या भोसरीत कुणालाच माहीत नाही. मला कुणी कंपाउंडर म्हणतं, कुणी वॉचमन समजून गाडी कुठं लावू ते विचारतं. एक बाई तर बरेच दिवस मला डॉक्टरांचे वडील समजून पाया पडत होती. मी पडू दिलं. दिवसभरात तेवढं एकच माणूस माझ्याशी नीट वागायचं.

माझी शाळा सातवीपर्यंत. सगळी उमर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात लेथवर गेली. लेथ बरी. ती 'नुसतं एक मिनिट, रिपोर्ट दाखवायचाय' म्हणून मधेच घुसत नाही. बायको वारली आणि मग घरात बसवेना. तिचं साखरेचं दुखणं याच डॉक्टरांकडं होतं, म्हणून बीपी दाखवायच्या निमित्तानं मी रोज येऊन बाकावर बसायला लागलो. पंखा होता, माणसं होती. मला कुणाशी बोलायचं नव्हतं, पण कानावर आवाज हवा होता. तेवढ्यात काउंटरवरच्या पोरीचं लग्न ठरलं. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमचं बीपी रोज बघून मला कंटाळा आला. नाहीतरी येताच, तर आत येऊन बसा." बसलो. आवाज हवा होता ना, मग घे म्हणावं आता.

फोन वाजतो. "डॉक्टर आहेत का?" आहेत. "मग कधी येऊ?" या आत्ता. "आत्ता कसं जमेल, शिफ्ट आहे!" मग मला कशाला विचारलं? दुसरा विचारतो, मागच्या वेळची ती पांढरी गोळी चालू ठेवू का. अहो, सगळ्या गोळ्या पांढऱ्याच असतात. कंपनीतली पोरं येतात, त्यांना परवापासूनचं आजारपण आज लिहून हवं असतं. आणि सगळ्यात डोकं कशानं फिरतं सांगू? माणूस काउंटरवर उभा राहून जुलाबापासून जावयाच्या दारूपर्यंत सगळं मला सांगतो, अख्खा बाक ऐकत असतो. आणि आत जाऊन डॉक्टरांना म्हणतो, "काही नाही, जरा कणकण आहे."

या सगळ्यावर कडी म्हणजे चपलांची रांग.

आमचं शटर नऊला उघडतं. पण रात्रपाळी सुटलेली माणसं सातलाच येतात. ती काय करतात, पायातल्या चपला काढून पायरीपासून भिंतीकडेनं ओळीनं लावतात आणि अनवाणी टपरीवर चहाला जातात. ज्याची चप्पल पुढं त्याचा नंबर आधी. ही पद्धत माझ्या आधीपासूनची. शटर उघडल्यावर मालक हजर नसला तर चपला उचलून शेवटी ठेवायच्या, हाही नियम लोकांचाच. पण त्या उचलायच्या मी. एकदा कुत्र्यानं एकाची एक चप्पल पळवली, तर मागचा म्हणायला लागला, एका पायाचा नंबर धरता येणार नाही. त्यावर जी जुंपली! शेवटी मी ओरडलो, "आजारी आख्खा आहे ना? मग नंबर आख्खा!" सातवी शिकलेल्या माणसाला म्हातारपणी असले निवाडे करावे लागतात.

या रांगेत पहिल्या चपला कायम एका म्हातारीच्या. ती दवाखान्यामागच्या गल्लीत राहते, जुन्या गावठाणातली. लेक चाकणला कंपनीत, उजाडायच्या आत बसला जातो. नवरा कधीच गेला. म्हातारी रोज सकाळी साखरेची सुई स्वतःच टोचून घेते आणि दवाखान्याचा दिवस असला की चपला लावून घरी जाते. नऊच्या ठोक्याला पायरीवर हजर. आणि हजर म्हणजे काय, गल्लीतूनच तोंड सुरू.

"माझा पयला नंबर हाय रं! कंपाउंडर, उघीड!"

"आजी, शटर वर तर जाऊ दे."

"तुझं शटर वर जातंय तवर मी वर जाईन."

मला या बाईचा इतका राग यायचा की काय सांगू. मी काही बोललो की तिचं उत्तर तयार. एकदा म्हणाली, "तुझी बायकू तुझ्यासंगं कशी नांदली?" मी म्हणालो, "वारली ती." तर म्हणाली, "सुटली." मला इतका संताप आला की पुढचे दोन पेशंट मी नाव न पुकारता नुसत्या हातानंच आत सोडले. पण घरी गेल्यावर वाटलं, बायको असती तर तीसुद्धा हेच म्हणाली असती, आणि वर हसली असती.

तर एकदा डॉक्टरांनी म्हातारीला रक्त तपासायला सकाळी बोलावलं. आत त्यांनी समजावून सांगितलं की उपाशी पोटी यायचं, रक्त देईपर्यंत सुई घ्यायची नाही, आणि रक्त दिलं की लगेच खायचं. बाहेर आल्यावर मी पुन्हा सांगायला लागलो तर म्हणाली, "बहिरी न्हाई मी. आन् उद्या चतुर्थी हाय, तसंबी चंद्र दिसल्याबिगर खात न्हाई." साखरेच्या माणसानं उपास करू नये हे डॉक्टरांनी तिला हजारदा सांगून झालेलं. पण मी म्हणालो, जाऊ दे, निदान सकाळचं रक्त तरी नीट निघेल.

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडलं. तिच्या चपला पहिल्या. म्हातारी नाही.

गल्लीतून आवाजही नाही. मी झाडून घेतलं, उदबत्ती लावली, तरी नाही. डॉक्टरांचा फोन आला, निगडीहून निघालोय पण पुढं सगळं जाम आहे, वेळ लागेल. बाक भरला. दोन नंबरच्या चपला होत्या एका मराठवाड्याकडच्या कामगाराच्या. चांगला पस्तिशीचा गडी, चाकणची रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल.

"काका, म्हातारीच्या चपला उचला की. नियम म्हंजे नियम."

"डॉक्टर कुठं आलेत अजून?"

"आल्यावर मग ती पण येईल, आन् पुन्हा माझा नंबर दोन. रात्रभर उभा हाव मी."

मागनं आणखी दोघं बोलले, उचला, उचला. नियमानं त्यांचं बरोबर होतं. मी वाकून चपला उचलल्या. आणि तिथंच माझ्या डोक्यात ते आलं. ही बाई कधी म्हणजे कधी उशिरा आलेली नाही. आज पोटात काही नाही. आणि सुई? सुई घेऊ नको हे तिनं ऐकलं असेल का? जी बाई आमचं काहीच ऐकत नाही, ती नेमकं तेवढंच ऐकेल?

माझ्या बायकोची साखर अशी खाली गेली की ती वेगळंच बोलायला लागायची. घाम फुटायचा. एकदा मला म्हणाली, "तुम्ही कुणाकडं आलात?" स्वतःच्या नवऱ्याला. मी साखर तोंडात घालायचो आणि ती परत येईपर्यंत तिच्याकडं बघत बसायचो. शेवटी ती गेली ती काळजाच्या दुखण्यानं, साखरेनं नाही. पण ते बघत बसणं अजून माझ्या अंगात आहे.

मी निघालो. मागनं कामगार ओरडला, "ओ काका, काउंटर सोडून कुठं निघालाव?"

"तुला एवढी घाई आहे ना? मग बस खुर्चीत!"

गल्लीत मी असा चाललोय, हातात बायकी चपला. माणसं बघायला लागली. गल्लीच्या तोंडाशी एका मुसलमान मिस्त्रीचं गॅरेज आहे. तो स्पार्क प्लग पुसत होता. म्हणाला, "क्या चाचा, कुणाला मारायला निघालात?"

"म्हातारी दिसली का?"

"सकाळी गेली ना घरी, अनवाणी. रस्त्यात ऑइल सांडलं म्हणून मला शिव्या देत." मग माझं तोंड बघून त्यानं फडकं टाकलं आणि माझ्यामागं आला.

दार नुसतं लोटलेलं. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली, चोळी घामानं भिजलेली. माझ्याकडं बघून म्हणाली, "आलास? दप्तर कुठं टाकलं?" मला लेक समजत होती, तोही शाळेतला.

"आजी, सुई घेतली का?"

"घेतली की."

"अगं, उपाशी पोटी सुई घ्यायची नव्हती ना!"

"सुई म्हंजे काय खाणं हाय व्हय? ती काय पोटात जाती?" हे मात्र एकदम ठणठणीत सांगितलं. सुईनं उपास मोडत नाही, हा तिचा हिशोब. मला तिथं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

साखर शोधायला गेलो तर फळीवर सगळे डबे सारखे. एकात रवा, एकात मीठ. मिस्त्री म्हणाला, "चाचा, ते बघा." देवाच्या फळीखाली ताटलीत गूळ आणि किसलेलं खोबरं झाकून ठेवलेलं, संध्याकाळच्या मोदकांचं. गूळ पाण्यात कालवला, पेला तिच्या तोंडाशी नेला. तर बाईनं दात आवळले.

"आजी, पी."

"निवेद न्हाई झाला."

"मरशील!"

"निवेद न्हाई झाला अजून. देवाच्या आधी मी कशी खाऊ?"

स्वतःचं नाव सांगता आलं नसतं तिला त्या घडीला, पण हे बरोबर ध्यानात. मिस्त्री मला म्हणाला, "मग दाखवा ना देवाला, उभे काय राहिलात?"

बायको गेल्यापासून मी देवापुढं उभा राहिलो नव्हतो. आमचं बोलणंच बंद होतं म्हणा. त्या दिवशीही हात जोडले नाहीत, जोडायला हात मोकळे कुठं होते? पेला गणपतीच्या तसबिरीसमोर धरला, बोटानं पाणी फिरवलं, म्हणालो, "घे लवकर," आणि पेला ओढून घेतला. "झाला गं आजी निवेद. आता पी."

तिनं एक डोळा उघडून तसबिरीकडं पाहिलं. मग तोंड उघडलं. घोट घोट करून पेला संपला. मी दुसरा कालवला. आणि मग खाली बसून तिच्याकडं बघत राहिलो, पूर्वी बघायचो तसाच. हळूहळू तिच्या कपाळावरचा घाम सुकायला लागला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या बाजूला ठेवलेल्या चपलांकडं.

"ह्या हितं कशा आल्या?"

"मी आणल्या."

"माझा पयला नंबर गेला की रं, मुडद्या!"

मिस्त्री हसत सुटला. मला हसू आलं नाही. मला रडू येत होतं, आणि त्याचाही राग येत होता.

मिस्त्रीनं तिला गाडीवर बसवून दवाखान्यात आणलं. डॉक्टर नुकतेच पोचले होते. त्यांनी बोट टोचून साखर बघितली, ती वर येत होती. मग आधी तिला झापलं, नंतर मला. "काउंटर कुणाच्या भरवशावर सोडलंत?"

कामगार माझ्या खुर्चीतून उठला. "मी होतो सर." त्याचा चेहरा उतरलेला. म्हातारीला त्यानं आपणहून नंबर एकवर जाऊ दिलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, फोनवर सगळे एकच विचारतेत, डॉक्टर हायेत का. नाहीत म्हणलं तर म्हणतेत, मग तुम्ही कशाला बसलाव? या खुर्चीत माणूस बसतो तरी कसा ओ?"

मी म्हणालो, "मलाही कळलेलं नाही."

आणि एवढं सगळं होऊन उपाशी पोटीचं रक्त काही निघालंच नाही. गूळ प्यायलेली बाई उपाशी कशी धरणार? परत बोलवावं लागणार, परत तेच सांगावं लागणार. नाव पुकारलं, पुढचा आत गेला, फोन वाजला.

म्हातारी दुसऱ्या दिवशी आली. हातात डबा. काउंटरवर आपटला.

"पाच मोदक हायेत. घरी न्ये. बायकूच्या फोटूपुढं आधी ठेव, मग खा. आन् नीट ठेव. देवाला निवेद असा दावत्यात व्हय? भिकाऱ्यावानी हिसकून घेतलास."

म्हणजे तिला सगळं दिसत होतं! मी म्हणालो, "तू शुद्धीत होतीस तर गप प्यायचंस ना!"

"शुद्धीत कुठं व्हते? दिसत व्हतं नुसतं."

घरी नेले. फोटोपुढं ठेवले, नीट. ओढून घेतले नाहीत. थोड्या वेळानं खाल्ले. सारणात वेलची जास्त झाली होती.

आता ती चपला लावून घरी जात नाही. डॉक्टरांनी तिला आणि तिच्या लेकाला बसवून सांगितलंय, सकाळी एकटं राहायचं नाही. म्हणून दवाखान्याचा दिवस असो नसो, सातपासून ती पायरीवरच ठाण मांडते, चपला पायात, आणि रात्रपाळीवरून आलेल्या माणसांना माझ्याबद्दल काय काय सांगत बसते. कंपाउंडर आळशी हाय, कंपाउंडर खेकसतोय, कंपाउंडरला निवेद दावता येत न्हाई. तिचा आवाज मला पार मिस्त्रीच्या गॅरेजपासून ऐकू येतो.

ज्या दिवशी ऐकू येत नाही, त्या दिवशी मी तसाच झपझप शटरकडं जातो. ऐकू आला की टपरीवर थांबतो आणि निवांत चहा घेतो.