दाढीतला मांजऱ्या

ज्या दिवशी मला नाटकात मरायचं होतं, नेमका त्याच दिवशी सकाळी मला साप चावला.

आरमोरीकडच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते, घरोघर पाहुणे येतात आणि रात्री गावकऱ्यांचं नाटक होतं. इतकी वर्षं मी पडदा ओढत आलो होतो. (तोही एकदा अडकला, ते गाव विसरत नाही.) त्या वर्षी प्रथमच भूमिका मिळाली: नायकाचा बाप. छातीला हात लावून, मुलाला आशीर्वाद देत पहिल्याच अंकात मरायचं. महिनाभर मी घरात इतका मेलो, की बायको मला ओलांडून कामं करू लागली.

बापाची पांढरी दाढी पडवीत, छपराच्या बांबूला टांगली होती. काढायला गेलो तर दाढीनेच अंगठ्याला चावा घेतला! आत साप वेटोळं करून बसलेला. तपकिरी, नक्षीदार, बटबटीत डोळ्यांचा.

"फुरसं!" म्हणत मी अंगणात आडवा झालो. छातीला हात लावून.

"अवो, उठा आता," बायको तांदूळ पाखडत म्हणाली. "तुमचं हे मरणं मलेही पाठ झालं."

"अवं, खरंच चावला ना!"

रक्त पाहून तिने सूप टाकलं आणि असा टाहो फोडला, की मंडईचे सगळे पाहुणे आमच्याच अंगणात. धाकट्या भावाने, गुलाबने, सापाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मला जीपमध्ये घातलं. वाटेत मी अखेरचे शब्द बोलायला लागलो. पण मला पाठ होते ते नाटकातलेच. "बाळा, या घराची लाज..." इथे अडकलो. गुलाबने हुंदका देत पुढचं वाक्य सांगितलं. (तो आमचा प्रॉम्प्टर.) मग डोळे पुसून म्हणाला, "दादा, तुह्या जागी आता मलेच उभं राहा लागते. दाढी कुठी पडली?"

विष चढलं नव्हतं ते इथे चढलं.

डॉक्टरबाईंनी अंगठा पाहिला, फोटो पाहिला. "हा मांजऱ्या. निमविषारी. त्याचं विष पाली-सरड्यांपुरतं. माणसाचा अंगठा सुजतो, एवढंच. पण ओळखता येत नव्हता तर लगेच आलात, ते बरं केलं. संध्याकाळपर्यंत इथेच थांबा."

"निमविषारी?" बायकोने पदराने नाक पुसलं. "म्हंजे आमी अर्धंच रडाचं होतं का?"

"बाई," मी विचारलं, "रात्री मरता येईल ना मला?"

डॉक्टरबाईंनी माझा ताप पुन्हा पाहिला.

परत आलो तेव्हा गुलाब रंग लावून तयार होता. त्याने दाढी काढून माझ्या हातात दिली. मी ती चांगली झटकून लावली आणि सुजलेला अंगठा उंच धरून रंगमंचावर गेलो. अख्खा मंडप उठून उभा राहिला! शिट्ट्या, टाळ्या. मग मी छातीला हात लावला आणि मेलो. सगळीकडे शांतता. तेवढ्यात बायांमधून बायकोचा आवाज आला, "भिऊ नका, निमविषारी हाये!"

मंडप गडगडून हसला. लोकांनी वन्स मोअर मागितला, मी उठून पुन्हा मेलो. तिसऱ्यांदाही मेलो. मरणाला वन्स मोअर मिळवणारा गावात मी एकटाच.

पडदा मात्र माझ्या जागी गुलाबने ओढला आणि तो अडकला नाही. गाव आजही त्या रात्रीची आठवण काढतं, ती त्या पडद्याची.