भुंगीच्या वाटीला अजून एक हात

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा रंगारी आहे. घरं रंगवतो. आमच्या भागात त्याला सगळे 'अजून-एक-हात' म्हणून ओळखतात, आणि हे नाव त्यानं स्वतःच्या कर्तृत्वानं मिळवलंय. ठरलेले दोन हात मारून होतात, भिंत लख्ख दिसायला लागते, घरातली माणसं कपाटं जागेवर ढकलायला टपून बसलेली असतात, आणि हा गृहस्थ चार पावलं मागे सरकून, मान वाकडी करून म्हणतो, "अजून एक हात मारू का?" नाही म्हटलं तरी मारतोच. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला त्यानं इतके हात मारले की ती तेव्हापासून नीट लागत नाही. रंगाचा थरच एवढा चढलाय. तक्रार केली तर म्हणाला, "ताई, पण चमक बघा ना!"

दुसरी गोष्ट म्हणजे, मोजमापाचं त्याला वावडं. रंग कालवायचा तो नजरेनं. डब्यात थोडा पिवळा, बोटावर घेऊन काळा, वर एक शिंतोडा तांबडा, आणि ढवळून झालं की जुन्या भिंतीशी तंतोतंत जुळलेलं. बहिणीला मी लग्नाआधी बजावलं होतं की हा माणूस संसारही असाच अंदाजानं करील. बहीण म्हणाली, "करू दे. तुझ्यासारखं मोजूनमापून बोलत तर नाही ना?" मी त्यानंतर गप्प बसले. म्हणजे, त्या दिवसापुरती.

त्यांना एकच मुलगी. घरातलं नाव भुंगी, कारण तोंडाला अखंड गुणगुण. ही पोर नळाशी बोलायची, चपलांशी बोलायची, जेवताना घासाला "आत अंधार आहे हं, घाबरू नकोस" असं सांगून गिळायची. बाप कामावरून आला की शिडी खांद्यावरून उतरायच्या आत दिवसभराच्या बातम्या सुरू. तो हातपाय धूत धूत "हो का? मग? अरे बापरे!" करत राहायचा. मला तर पाच मिनिटांत घेरी यायची. त्याला कधी कंटाळा आलेला मी पाहिला नाही.

मग तिला फिट यायला लागल्या. खेळता खेळता नजर एका जागी थिजायची, मग अंग ताठ व्हायचं आणि हातपाय झटके द्यायचे. डॉक्टरांनी अपस्मार म्हणून सांगितलं. एक औषध झालं, दोन झाली, तिसरं आलं. फिट थोड्या कमी झाल्या, पण भुंगी विझली. दाराच्या पायरीवर बसून राहायची. काही विचारलं तर "हो" नाहीतर "नाही," तेही उशिरानं. बाप घरी यायचा, शिडी टेकवायचा आणि तिच्याशेजारी बसायचा. बातम्या कुणीच सांगायचं नाही. एकदा मला म्हणाला, "ताई, फिटची भीती वाटते, पण या शांततेची जास्त वाटते." रडू यायला लागलं की मी चिडते, म्हणून मी त्याच्या चिखलाच्या बुटांवरून त्याला झापलं.

पुढं डॉक्टरांनीच वेगळी वाट सुचवली. केटोजेनिक आहार. साखर, पिठं, भात-पाव जवळजवळ बंद, आणि शरीर चालवायचं ते मुख्यतः लोणी, तेल आणि सायीवर. काही मुलांच्या फिट त्यानं आटोक्यात येतात. आहार ठरवून देणाऱ्या बाई फार नीट समजावून सांगणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पेट्रोलची गाडी गॅसवर घेतो ना, तसं समजा. पण प्रत्येक जेवण ग्रॅमवर. अंदाज नाही." शेवटचे दोन शब्द ऐकून माझी बहीण नवऱ्याकडे बघायला लागली, मीही बघायला लागले. तो छताकडे बघत होता.

बहीण औषधांच्या दुकानात कामाला आहे. घरी आणलेला बॅटरीचा काटा दोनदा बिघडला, तेव्हा तिनं दुकानाच्या माळ्यावरचा जुना पितळी तराजू मागून आणला. पूर्वी त्यावर औषधी पुडी तोलत. चिमणीच्या पिसालाही हलेल असा. भाजी, अंडं, मांस ती कागदाच्या चौकोनांवर तोलायची. लोणी, साय, तेल मात्र वाटीत. त्यासाठी एकाच संचातल्या दोन सारख्या वाट्या होत्या. एक रिकामी डाव्या पारड्यात, वजनांसोबत, आणि एक भुंगीची, उजव्या पारड्यात. वाटीला वाटी कटली, उरलं ते लोणी. हिशेब सोपा.

आणि आमचा अंदाजपंचे गृहस्थ? बदललाच की हो! काटा मधोमध येईस्तोवर सुरीच्या टोकानं लोणी ठेवायचा, काढायचा, पुन्हा ठेवायचा. वाटीत तेलाचा थेंब राहू नये म्हणून पुट्टी लावायची एक कोरी करकरीत रबरी पाती विकत घेतली होती. त्या पातीनं वाटी अशी निपटून घ्यायचा की धुवायची गरज पडू नये. "भिंत परवडली," म्हणायचा, "भिंत निदान तोंड फिरवत नाही."

आहार लागू पडतोय की नाही हे कळायला लघवीत बुडवायची कागदी पट्टी होती. रंग जितका गडद, तितकं चांगलं. डबीवर पाच-सहा रंगांचे चौकोन होते, पण याला ते कुठले पुरणार! यानं रंगाच्या कंपनीचं शेड-कार्डच संडासात टांगलं. रोज सकाळी आतून पुकारा व्हायचा. सुरुवातीला "बिस्किटी!" म्हणजे काहीच नाही. ज्या घरात बिस्कीट आणायची सोय नाही, तिथं वाईट रंगाचं नाव बिस्किटी. मग "गुलाबी!" आणि एक दिवस सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं, "वांगी! अहो, वांगी!" शेजारच्या आजोबांना वाटलं भाजीवाला आला.

फिट कमी होत गेल्या, मग थांबल्या. डॉक्टरांनी एक औषध कमी केलं. आणि एका दुपारी मी भुंगीचे केस विंचरत असताना ती माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "मावशी, तुझ्या नाकात केस आहेत. ते कोण विंचरतं?" माझा असा अपमान आयुष्यात झाला नव्हता आणि मला इतका आनंदही कधी झाला नव्हता. मी कंगवा हातात तसाच घेऊन बहिणीला सांगायला धावले.

पण पोर बोलायला लागली तशी नखरेही करायला लागली. तीच वाटी, तेच लोणी. "नको, वाटी घाणेरडी आहे." मग बापानं वाटीला बाहेरून रंग दिला आणि त्यावर हत्ती काढला. हत्तीला लोणी भरवायचं म्हणून वाटी रिकामी झाली. हत्तीचा कंटाळा आल्यावर हत्तीवर हिरवा हात, त्यावर मगर. मगरीवर निळा हात, त्यावर होडी. मी म्हटलं, "अहो, आधीचं खरवडून तरी काढा."

"खरवडलं की चरे पडतात, ताई. वरून हात मारला की कसं साफ काम होतं."

दर सुट्टीला नवं चित्र. वाटी अशी झाली होती की राजवाड्यात ठेवावी. तीच फक्त. डाव्या पारड्यातली रिकामी वाटी होती तशीच राहिली, तिच्यातून कुणाला जेवायचं होतं?

मग पट्टी फिकी पडायला लागली. डबीवरच्या चौकोनांत फरक कळत नव्हता, पण तो कार्ड धरून म्हणायचा, "उतरतोय रंग. कालच्याहून उतरलाय." आणि एका सकाळी न्याहारीच्या टेबलावर भुंगीचं बोलणं वाक्याच्या मध्येच थांबलं. नजर थिजली. त्याच आठवड्यात पुन्हा एकदा.

डॉक्टर सरळ बोलणारे होते. पुढच्या भेटीपर्यंत सुधारणा दिसली नाही तर आहार लागू पडत नाही असं धरावं लागेल, तो थांबवायचा आणि चौथं औषध सुरू करायचं. त्या औषधानं सुस्ती येऊ शकते हेही त्यांनी लपवलं नाही. बहिणीनं घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा भुंगी जमिनीवर बसून बुटाच्या नाडीला गोष्ट सांगत होती. आम्ही दोघी ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकत राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून घरात झडती सुरू झाली. साखर कुठून तरी पोटात जातेय, यावर बहिणीचं एकमत झालं. दात घासायची पेस्ट बदलली. शाळेतली खेळायची रंगीत माती बंद, तिच्यात पीठ असतं म्हणून. शेजारच्या आजोबांचे खिसे तपासायचेच तेवढे राहिले. मग तिची नजर माझ्यावर आली.

"ताई, तू तर काही दिलं नाहीस ना? एवढंसं दिल्यानं काय होतंय म्हणून?"

मी! जी मी भुंगी घरी यायची म्हणून स्वतःच्या घरात साखरेचा डबा कुलुपात ठेवत होते! मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तीही काही मागं राहिली नाही. लहानपणीच्या बाहुलीपर्यंत जाऊन आलो आम्ही. त्यानंतर तीन जिने उतरून मी घरी गेले आणि दार आपटलं. ते मात्र नीट लागलं.

सुट्टीच्या दिवशी राहवेना म्हणून मी परत तीन जिने चढले. ठरवून गेले होते की आधी भांडण पुरं करायचं, मग चहा प्यायचा. बहीण कपडे वाळत घालत होती, माझ्याकडे बघेना. भुंगी भिंतीला टेकून बसली होती. आदल्या दिवशीच्या फिटनं दमली होती, बोलत नव्हती. बाप खिडकीशी वाटीवर पिवळा हात देत होता. या खेपेला जिराफ. लेकीला खुलवायला त्याच्याजवळ दुसरं होतं तरी काय?

रंग देऊन झाला. आता ओली वाटी ठेवायची कुठं? रंगाऱ्याची नजर सपाट, स्वच्छ, कुणी धक्का मारणार नाही अशी जागा शोधते. त्यानं बोटांच्या टोकांवर तोललेली वाटी अलगद तराजूच्या उजव्या पारड्यात, कागदाच्या तुकड्यावर ठेवली. डाव्या पारड्यात नेहमीची रिकामी वाटी होती. वजनं काढलेली.

उजवं पारडं खाली गेलं आणि खालीच राहिलं.

मग त्यानं कागद काढून घेतला. पारडं तसंच. एक ग्रॅमचं वजन त्यानं डावीकडं टाकलं, मग दोनाचं, मग पाचाचं. तेव्हा कुठं काटा मधोमध आला.

"अहो," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की बहिणीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "अहो, दोघी इकडे या. मी काय केलंय बघा."

हत्ती, मगर, होडी आणि कोण कोण, सगळे एकमेकांच्या अंगावर थर होऊन बसले होते, आणि त्यांच्या वजनाइतकं लोणी दर जेवणाला भुंगीच्या पोटात कमी गेलं होतं. तो मटकन खाली बसला. "माझ्याच पोरीच्या तोंडचा घास काढला मी. माझ्या हातानं."

मला वाटलं आता बहीण त्याला फाडून खाणार. तिनं तराजूकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, पिवळ्या बोटांनी डोकं धरून बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं. "म्हणजे आहार चुकला नाही," ती हळूच म्हणाली. "अहो, ऐकताय का? आहार चुकलेला नाही! वाटी चुकली!" आणि खो खो हसत सुटली, डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत.

त्यानं कामावरची लोखंडी पाती घेऊन वाटी खरवडायला घेतली. भुंगीनं तेवढ्यात डोळे उघडले आणि जिराफ जाताना बघून भोकाड पसरलं. बाप लगेच विरघळला. "तसं नाही तर मी काय करतो, दुसऱ्या वाटीलाही तेवढेच हात मारतो..."

"खबरदार!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. भांडण मिटलं ते असं. माफी तिनं मागितली नाही, पण चहात साखर दोन चमचे जास्त घातली. तिच्याकडचीही कुलुपातलीच.

वाट्या तोलून सारख्या केल्या आणि आहार ठरवून देणाऱ्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी न रागावता काय करायचं ते समजावलं. पट्टी लगेच सुधारली नाही. रोज संडासातून "गुलाबीच" असा आवाज यायचा आणि जिना चिडीचूप व्हायचा. मग रंग चढू लागला. फिट आली ती एकच, छोटी. त्यानंतर नाही.

भेटीच्या दिवशी मीही गेले. डॉक्टरांनी पट्ट्यांच्या नोंदी पाहिल्या, भुंगीला तपासलं आणि म्हणाले, "आहार चालू ठेवू या. चौथ्या औषधाचं नाव सध्या नको." भुंगीनं त्यांना विचारलं की त्यांच्या खुर्चीला चाकं आहेत तर ते घरी तिच्यावरच बसून का जात नाहीत. त्यांनी उत्तर देण्यापूर्वी तिनं पुढचा प्रश्न विचारला होता.

संध्याकाळी तो तिचं जेवण तोलत होता. काटा मधोमध यायला केसाएवढा फरक होता आणि ही त्याच्या कोपराशी उभी राहून सांगत होती, की खुर्चीला चाकं असतात, टेबलाला नसतात, मग टेबल रुसत असेल, आणि टेबलाला चार पाय आहेत तर बूट चार लागतील का दोन, आणि बाबा, बाबा, बाबा...

"अगं बाई, गप्प बस ना एक मिनिट!" तो म्हणाला.

सुरी हवेतच राहिली. बहीण ओट्याशी वळून उभी राहिली. इतक्या वर्षांत या माणसानं पोरीला गप्प बस म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं होतं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं सुरी खाली ठेवली, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "नाही, नाही. बोल तू. चार बुटांचं काय म्हणत होतीस?"

पण ती कुठली थांबायला! तिची गोष्ट केव्हाच खिडकीच्या पडद्यापर्यंत पोचली होती, आणि त्याला सुरुवातीपासून ऐकायचं होतं.