मोरीचं पाणी

माझ्या अक्षराला आणि चुकांना हसू नये. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. पण अक्का गेल्याला चार महिने झाले आणि राग काही निवत नाही, म्हणून लिहिते.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माघात तापानं गेल्या. रनाळ्याच्या आमच्या घरामागं भाजीचे चार वाफे. विहीर लांब, म्हणून मोरीचं पाणी जिथं उतरतं त्याच वाफ्यात सासूबाई दरसाल वांगी लावत. दरसाल शेंडे माना टाकत, फळात अळी निघे. दोष मात्र अक्कांवर येई, कारण त्यांना मूलबाळ नव्हतं. सासूबाई म्हणत,

"तू बी नको टाकू वं. तुन्हा हातमा काहीच रुजस नई."

हे चारचौघींसमोर! अक्का चुलीपाशी आल्यावर मला म्हणत, "कीड मन्हा हातमा नई, मातीमा शे. दरसाल तठेच वांगं लावतस, मंग अळी कोठे जाई?"

शेवटी बी टाकायचं काम माझ्याकडं आलं, मी लेकुरवाळी ना! अक्का पायरीवर बसून सांगत, मी करी. मोरीपासून पाट खणून पाणी दरसाल नव्या वाफ्याकडं वळवलं. वांग्यामागून चवळी, मग मेथी, मग लसूण. वांग्याच्या जागी मिरचीसुद्धा नाही, ती त्याच घरची. पहाटे दव असताना पानांवर राख. वाळका शेंडा दिसला की खुडून चुलीत, उकिरड्यावर नाही; तिथलंच खत परत वाफ्यात येतं... दुसऱ्या वर्षापासून वांगी चांगली येऊ लागली.

त्यांच्या तेराव्याला याच वांग्यांची भाजी होती. शेजारीण बोटं चाटत म्हणाली, "धाकलीना हातले गुण शे!" सासूबाईंनी मान डोलावली. जिच्यासाठी जेवण होतं तिचं नावही कुणी घेतलं नाही.

काल सासूबाईंनी वांग्याची रोपं आणली. गेल्या साली वांगी होती त्याच वाफ्यावर ठेवून इथंच लावायला सांगितलं, "आते पाट फिरावानं काम नई. आठेच लाव."

"नई," मी म्हटलं. "आठे चवळी. अक्कानी सांगेल शे."

"मरेल बाईनं काय ऐकानं?"

"जित्ती व्हती तवय तुम्ही कोठे ऐकं?"

या घरात इतकी वर्षं मी मान वर केली नव्हती. कुदळ घेतली, रोपं बाजूला सारली आणि त्या वाफ्यात चवळी पेरू लागले. शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली. "धाकली पेरी ऱ्हायनी का? मंग येईच!"

"मन्हा हात नका म्हनू," मी ओरडलेच. "हाई अक्कानी पेरनी शे!"

मग नव्या वाफ्याकडं पाट फिरवून पाणी सोडलं.