उलटा फिरणारा नॉब

कारखान्याच्या शेठनी नॉब उपटून टेबलावर ठेवला. "मॅडम, हा उलटा फिरतो."

"हो," मी म्हणाले. "मुद्दाम तसा ठेवलाय."

"मुद्दाम? जगात सगळीकडं उजवीकडं फिरवलं की वाढतं. तुमच्या साउंड मिक्सरमध्ये कमी होतं. गिऱ्हाईक तोंडावर फेकंल माझ्या. शुक्रवारी पॅनल छपाईला जातंय. सरळ करा, न्हाई तर फिल्टरच काढून टाका."

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि जालन्यातल्या एका छोट्या कारखान्यात इंटर्न आहे. आम्ही मंडप-साउंडवाल्यांसाठी मिक्सर बनवतो. धावडा गावातल्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कुणी आवाज चढवला की आधी आपलंच चुकलं असं मला वाटतं. त्या दिवशी तसं वाटलं नाही. चूक मी आधीच करून बसले होते, आणि ती सुधारूनच हा नॉब लावला होता.

स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, ती सगळ्यांनी ऐकलेली असते. प्रत्येक हॉलची शिट्टी वेगळ्या सुराची. माझा फिल्टर तेवढाच सूर कापतो, बाकीचा आवाज तसाच सोडतो. कोणता सूर कापायचा ते नॉबने ठरतं. नॉबच्या मागे पॉट असतो. तो फिरवला की रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो. रेझिस्टन्स कमी झाला की कापला जाणारा सूर वर सरकतो.

पहिल्या सर्किट-बोर्डावर मी लिनिअर पॉट लावला होता, म्हणजे सगळीकडे सारखा बदलणारा. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे आवाजाची लाट दाखवणाऱ्या पडद्यावर, काम सुंदर दिसलं. मग बोर्ड केदारखेड्याच्या भानुदास मामांकडे नेला. ते माझे नातेवाईक नाहीत. लग्नांत आणि कीर्तनांत साउंड लावतात, सगळेच त्यांना मामा म्हणतात.

"पोरी, हे बटन आधी काहीच करीत न्हाई," ते म्हणाले. "अन् शेवटी जरासा हात लागला की पळतंय. शिट्टी घावली म्हणस्तोवर हरपली!"

खरं होतं. पाऊण फेरा सूर जेमतेम सरकायचा आणि उरलेल्या पावात उडी मारायचा. प्रत्येक सप्तकाला नॉबवर सारखी जागा मिळायला हवी होती. त्यासाठी रिव्हर्स लॉग नावाचा, आधी झपाट्याने आणि मग हळू बदलणारा पॉट लागतो. तो जालन्यात एकाही दुकानात मिळाला नाही. नेमका त्याच्या उलटा, स्टिरिओच्या व्हॉल्यूमचा साधा लॉग पॉट मात्र ढिगाने होता. तो लावून पाहिला. सूर अगदी एकसारखा सरकू लागला, फक्त दिशा उलटी झाली.

हे सगळं शेठना सांगितलं. ते म्हणाले, "मंग लिनिअरच टाका. सरळ तर फिरतो."

"दोन्ही बोर्ड मामांना देऊ," मी म्हणाले. "सरळवाला बरा ठरला तर हा उलटा पॉट मी स्वतः काढते. त्याआधी काढणार नाही."

"इंटर्न हाय का मालक?"

"इंटर्न. पण सर्किट माझं आहे."

शेठनी गाडीची चावी घेतली.

मामा भोकरदनच्या एका मंगल कार्यालयात साउंड लावत होते. हॉल रिकामा होता. मी लिनिअरवाला मिक्सर जोडला. मामांनी आवाज वाढवला, शिट्टी सुटली. ते नॉब फिरवत राहिले. शिट्टी थांबली, सुटली, परत थांबली, परत सुटली. शेठनी कानांवर हात ठेवले.

"बंद करा, मामा. दुसरा लावा."

दुसऱ्यावर मामांनी सवयीने नॉब उजवीकडे फिरवला. शिट्टी तशीच. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"उलटंय व्हय?"

"हो, मामा."

त्यांनी सावकाश डावीकडे फिरवलं. शिट्टी बारीक झाली आणि थांबली. त्यांनी नॉबवरून हात काढला. थांबलेलीच राहिली. माईकमध्ये म्हणाले, "हॅलो, चेक. शेठ, ऐकू येऊन राह्यलं का?"

"पण उलटं फिरतं ना!" शेठ म्हणाले.

"घरी गॅसचं बटन कुणीकडं फिरवता?"

शेठनी हवेतच हात फिरवून बघितला. डावीकडे.

"मंग? आजवर उपाशी राह्यले का?"

शेठ हसले नाहीत. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "पॅनलवर सुराचा मोठा आकडा डावीकडं छापायला सांगा. अन् बाण मोठा काढा, बिलकुल ठळक."

मिक्सर बाजारात गेल्यावर पहिली तक्रार आलीच. शेठनी फोन माझ्या हातात दिला.

"मॅडम, तुमचं बटन उलटं बसलंय."

"उलटंच आहे. शिट्टी थांबते का?"

"थांबते."

"मग राहू द्या."

आता मी नवीन सर्किट आधी हाताने फिरवून बघते आणि ऑसिलोस्कोप नंतर लावते. कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वहीत हा क्रम चालत नाही. तिथे मी स्कोप आधी लावला असं लिहिते.